हेट अल्बिनो जोडी, सहा अंडी आणि एकही अल्बिनो नाही: चौकटीतला पाव हिस्सा गेला कुठे?

केतकी_नौपाडा

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात मेंडेलचे प्रयोग शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने मला जो प्रश्न विचारला तो इथे मांडते, कारण वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांवर त्याचे पूर्ण समाधान झाले नाही.

या विद्यार्थ्याच्या घोडबंदर रोडवरच्या घरी त्याच्या वडिलांनी पाळलेली बॉल पायथॉन या आफ्रिकी अजगराची जोडी आहे. दोन्ही साप परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले आहेत. दोघेही दिसायला साधे, म्हणजे गडद तपकिरी अंगावर पिवळसर-सोनेरी डाग असलेले आहेत. विक्रेत्याने मात्र ती जोडी 'हेट अल्बिनो' म्हणून दिली होती. अल्बिनो म्हणजे काळे रंगद्रव्य नसलेला साप; हेट म्हणजे प्रत्येकाच्या अंगात अल्बिनो जनुकाची एक प्रत आहे, पण सोबतची दुसरी प्रत साधी असल्यामुळे तो रंग बाहेर दिसत नाही. यंदा मादीने सहा अंडी घातली, सहाही व्यवस्थित उबली आणि सहाही पिल्ले साध्या रंगाची निघाली.

वडिलांचे म्हणणे असे की विक्रेत्याने फसवले. मुलाचे म्हणणे असे की पनेट चौकटीनुसार (आईवडिलांच्या जनुकांच्या संभाव्य जोड्या मांडून पाहण्याच्या तक्त्यानुसार) चारांत एक अल्बिनो मिळायला हवे होते, त्यामुळे सहांत निदान एक तरी हवेच होते. माझ्या मते एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, पण 'नशीब' या शब्दावर बारावीच्या मुलाची बोळवण करणेही मला मान्य नाही. सहा साध्या पिल्लांवरून त्यांच्या आईवडिलांबद्दल नेमके काय म्हणता येते, आणि या पिल्लांची नोंद करताना त्यांच्यापुढे काय लिहायचे, हे माझे दोन प्रश्न आहेत.

आरोह

चौकट एका अंड्याची शक्यता सांगते, संपूर्ण क्लचचे, म्हणजे एका वेळी घातलेल्या सगळ्या अंड्यांचे, वाटप सांगत नाही. मुलाचा घोळ तिथेच होतो आहे. प्रत्येक अंड्यात आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत नव्याने येते. आधीच्या अंड्यात काय आले याचा पुढच्या अंड्याशी काही संबंध नसतो.

दिगंत_बेलापूर

आरोह यांचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे वर्गात फळ्यावर लिहिता येईल.

दोन्ही पालक खरोखर हेट आहेत असे धरू. मग एखादे अंडे अल्बिनो नसण्याची शक्यता पाऊण, म्हणजे ०.७५. सहाही अंडी अल्बिनो नसण्याची शक्यता काढण्यासाठी ०.७५ ला स्वतःशी सहा वेळा गुणायचे. उत्तर येते ०.१७८, म्हणजे सुमारे १८ टक्के. दोन्ही साप अगदी अस्सल हेट असले तरी अशा सहा अंड्यांच्या क्लचपैकी साधारण साडेपाचात एक क्लच पूर्ण साधा निघणार. सापशिडी खेळताना पाच-सहा वेळा फासा टाकूनही सहा पडत नाही, म्हणून कोणी फाशावर खोटेपणाचा आरोप करत नाही. या क्लचचेही तेच आहे.

अंडी चार असती तर हीच शक्यता सुमारे ३२ टक्के झाली असती आणि आठ असती तर १० टक्के. बॉल पायथॉनचा क्लच मुळात लहान असतो, बहुतेक वेळा चार ते सहा अंड्यांचा, त्यामुळे हा प्रसंग या जातीत पाळणाऱ्यांवर वारंवार येतो.

मनवा_घोडबंदर

सहाच्या सहा अंडी उबली, याबद्दल आधी त्या मादीचे अभिनंदन! ठाण्याच्या उन्हाळ्यात इन्क्युबेटरचे तापमान स्थिर ठेवणे किती जिकिरीचे असते, ते अंडी उबवणाऱ्यालाच ठाऊक.

मी कॉर्न स्नेक ही अमेरिकेतली सापाची जात पाळते, आणि केतकीताई, तुमच्या वर्गासाठी मला कॉर्न स्नेक बॉल पायथॉनपेक्षा अधिक उपयोगी वाटतात, कारण एका क्लचमध्ये दहा ते तीस अंडी मिळतात आणि चौकटीतले आकडे डोळ्यांसमोर उतरलेले दिसतात. सापांच्या रंगांची आनुवंशिकता पद्धतशीर तपासली गेली तीही याच जातीत. १९५३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात रानात एक अल्बिनो कॉर्न स्नेक सापडला. त्याच्या वंशातली पहिली अल्बिनो पिल्ले १९६१ मध्ये बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे जन्मली. बेक्टेल व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि त्वचेच्या रंगद्रव्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या छंदाला फार मोलाची ठरली.

आता वर्गाला आवडेल असे एक उदाहरण देते. कॉर्न स्नेकमध्ये काळे रंगद्रव्य नसलेला साप 'अमेल' म्हणून ओळखला जातो. तो लाल-नारिंगी दिसतो. तांबडे रंगद्रव्य नसलेला साप 'अॅनेरी'. तो राखी-काळा दिसतो. या दोघांची जोडी लावली की सगळी पिल्ले साध्या रंगाची होतात, कारण अमेलकडे तांबड्या रंगाची चांगली प्रत असते आणि अॅनेरीकडे काळ्या रंगाची. पिल्ले दोन्ही बाबतींत हेट असतात. त्या पिल्लांची पुढे आपापसात जोडी लावली तर सोळांत सरासरी नऊ साधी, तीन अमेल, तीन अॅनेरी आणि एक 'स्नो'. स्नो म्हणजे दोन्ही रंगद्रव्ये गेलेला, पांढरा-गुलाबी साप. पाठ्यपुस्तकातले ९:३:३:१ हे प्रमाण ते हेच. आणि त्या एका स्नोची वाट पाहताना दिगंत यांचे गणित पुन्हा लागू होते: सोळा अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता ३५ टक्क्यांहून अधिक असते.

प्रथमेश_कळवा

मला वेगळे वाटते. अंडी उबवताना तापमान कमी-जास्त झाले तर रंग बदलतो असे मी अनेक पाळणाऱ्यांकडून ऐकले आहे. कासवांमध्ये आणि मगरींमध्ये तर तापमानावरून नर-मादी ठरते. मग अल्बिनो पिल्लू तापमानामुळे साधे झाले असण्याची शक्यता का धरू नये?

पशुवैद्य_वाशी

प्रथमेश, तुमचे निरीक्षण निराधार नाही, फक्त ते वेगळ्या गोष्टीला लागू होते. अजगरवर्गीय सापांत उबवणीच्या तापमानाचा परिणाम नक्षीवर होऊ शकतो. डाग एकमेकांना जोडले जातात, पाठीवर पट्टा उमटतो, क्वचित एखादे पिल्लू थोडे गडद होते. असा फरक पुढच्या पिढीत उतरत नाही, आणि म्हणूनच एखादे विचित्र नक्षीचे पिल्लू नवा मॉर्फ (वंशाने उतरणारा वेगळा रंग किंवा नक्षी) म्हणून मिरवण्याआधी त्याच्यापासून पिढी वाढवून पाहावी लागते. सापांमध्ये लिंगही तापमानावर ठरत नाही. ते गुणसूत्रांवर ठरते.

अल्बिनोची गोष्ट निराळी आहे. मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य तयार करण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते. ज्या पिल्लाला या विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, त्याच्या त्वचेत काळे रंगद्रव्य तयारच होत नाही, मग इन्क्युबेटर ३० अंशांवर असो की ३२. पिवळे रंगद्रव्य वेगळ्या पेशींत तयार होते आणि त्या पेशी शाबूत असतात, म्हणून अल्बिनो बॉल पायथॉन पांढऱ्यावर पिवळा दिसतो आणि डोळे लालसर दिसतात.

केतकीताई, मला मात्र दुसरी एक शंका आहे. ही मादी त्यांच्याकडे पिल्लू असताना आली की मोठी झाल्यावर? सापाची मादी आधीच्या मीलनातले शुक्राणू बरेच महिने शरीरात साठवून ठेवू शकते. मोठी मादी विकत घेतलेली असेल, तर या अंड्यांचा बाप घरातलाच नर आहे असे गृहीत धरता येणार नाही. अजगरवर्गीय माद्यांत नराशिवाय अंडी फळण्याची उदाहरणेही नोंदवलेली आहेत, परंतु ती विरळा आहेत आणि सहाही सुदृढ पिल्ले निघालेल्या क्लचमध्ये मी त्या दिशेने विचार करणार नाही.

केतकी_नौपाडा

डॉक्टर, मुलाला विचारले. दोन्ही साप पिल्ले असतानाच घेतले होते आणि मादीने घरातच वाढून सुमारे दीड किलो वजन गाठल्यावर पहिल्यांदा जोडी लावली. त्यामुळे साठवलेल्या शुक्राणूंची शक्यता आपण बाजूला ठेवू शकतो.

नेरूळकर_काका

मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे आणि गणित समजून घेतो आहे. तरीही मूळ गोष्ट मनाला पटत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गवताळ रानात बिळात राहणारा प्राणी आपण नवी मुंबईच्या सतराव्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवायचा आणि वर त्याने आपल्याला हवा तो रंग द्यावा अशी अपेक्षा करायची, हे योग्य आहे का? रानात अल्बिनो साप इतके क्वचित का दिसतात, याचा विचार कोणी करतो का? पांढऱ्या सापावर घारीची नजर पहिल्यांदा जाते. निसर्गाने जे बाजूला सारले ते आपण हौसेखातर वाढवतो आहोत.

मनवा_घोडबंदर

काका, तुमच्या प्रश्नाचा मी आदर करते, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. रानात तोट्याचा ठरणारा रंग बंदिस्त जागेत प्राण्याला त्रासदायक असतोच असे नाही. अल्बिनो सापाला प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून त्याला लपायला जागा आणि मंद उजेड द्यावा लागतो. ते दिले तर तो इतरांसारखाच खातो आणि वाढतो. काही मॉर्फ मात्र खरोखर त्रासदायक आहेत, आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

पशुवैद्य_वाशी

मनवा यांनी ज्याकडे बोट दाखवले आहे ते स्पष्ट नावाने लिहितो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत नव्याने साप पाळणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. 'स्पायडर' हा बॉल पायथॉनचा मॉर्फ. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी असते आणि तो अतिशय देखणा दिसतो. हे जनुक प्रभावी असल्याने एकच प्रत पुरते. साध्या सापाशी जोडी लावली तरी सरासरी निम्मी पिल्ले स्पायडर होतात. त्यामुळे तो झपाट्याने पसरला. परंतु या सापांचे डोके डुलते, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, काहींचे अंग पिळवटते आणि पालथे केले तर सरळ होता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सापांच्या अंतर्कर्णाची रचना तपासली गेली आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये व्यंग आढळले. त्रासाची तीव्रता प्रत्येक सापात कमी-अधिक असते, पण ज्या जनुकामुळे ती नक्षी येते त्याच्याबरोबरच हा दोषही येतो. चांगले स्पायडर निवडून प्रजनन केले म्हणजे दोष निघून जाईल, ही समजूत आजवर खरी ठरलेली नाही.

माझ्या मते स्पायडरचे प्रजनन करू नये. अल्बिनोबद्दल माझी अशी हरकत नाही.

येऊरवाला

मी येऊर आणि आसपासच्या भागात सर्पमित्र म्हणून काम करतो. रंगांच्या गणितात मला गती नाही, तरी दोन गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट. मध्यंतरी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून फोन आला की पार्किंगमध्ये घोणस आहे. जाऊन पाहिले तर बॉल पायथॉन वेटोळे करून, डोके आत घेऊन बसला होता. अंगावरचे तपकिरी डाग आणि जाडजूड शरीर पाहून लोकांनी घोणस समजून काठ्या आणल्या होत्या. आमच्या बिनविषारी डुरक्या घोणशीच्या नशिबी हाच गैरसमज रोजचा आहे. साध्या रंगाचा बॉल पायथॉन घरातून निसटला तर त्याच्या जिवाला धोका असतो. खोक्याला कुलूप हवेच. आणि नकोसा झाला म्हणून येऊरच्या रानात सोडून देणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, कारण परक्या प्राण्याबरोबर परके रोग आणि परजीवी इथल्या सापांत शिरतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. धामण, तस्कर, मांडूळ, अजगर किंवा इथला कोणताही साप पाळता येत नाही, मग तो अल्बिनो असो की साधा. दरवर्षी कोणीतरी पांढरी धामण किंवा पांढरा नाग दिसल्याचा फोटो पाठवून 'ठेवून घेऊ का' असे विचारते. उत्तर नेहमी नाही असेच आहे. बॉल पायथॉन साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या, कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि त्याखालचे नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. साप बाळगणे, पिल्लांचा जन्म, दुसऱ्याला देणे आणि मृत्यू, या सगळ्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. केतकीताई, त्या सहा पिल्लांची जन्मनोंद झाली आहे का, एवढे कृपया पाहावे.

केतकी_नौपाडा

मनःपूर्वक आभार. आईवडिलांची नोंद आहे. पिल्लांची नोंद करण्याची प्रक्रिया त्याच्या वडिलांनी सुरू केली आहे आणि माझा दुसरा प्रश्न त्यातूनच निघाला होता.

शर्वरी_खारघर

थोडे वेगळे विचारते, पण विषय रंगांच्या वारशाचाच आहे. माझ्या मावसभावाकडच्या 'बनाना' या पिवळसर मॉर्फच्या बॉल पायथॉन नराच्या पिल्लांत बनाना रंगाची जवळजवळ सगळी नर निघाली, माद्या मात्र साध्या. चौकटीत तर नर-मादी असा भेद नसतो. हे कसे?

आरोह

शर्वरी, चौकटीतही हा भेद येतो, जनुक लिंगगुणसूत्रावर असेल तर.

बराच काळ असे मानले जात होते की सर्व सापांत पक्ष्यांसारखी व्यवस्था असते, म्हणजे लिंग मादीच्या गुणसूत्रावरून ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की अजगर आणि बोआ यांच्यात आपल्यासारखी एक्स आणि वाय व्यवस्था आहे. गंमत अशी की बनानाच्या पिल्लांतले हे विचित्र प्रमाण प्रजनन करणाऱ्यांना आधीच खटकत होते. तुमच्या भावाच्या नराला बनाना जनुक त्याच्या बापाकडून, म्हणजे वाय गुणसूत्रावरून मिळाले असणार. तो ते वाय गुणसूत्र फक्त मुलग्यांना देतो, म्हणून बनाना पिल्ले बहुतेक नर. ज्या बनाना नराला हे जनुक आईकडून एक्सवर मिळाले, त्याची बनाना पिल्ले बहुतेक माद्या असतात. 'बहुतेक' म्हणतो, कारण शुक्राणू तयार होताना कधी कधी एक्स आणि वाय यांच्यात त्या भागाची अदलाबदल होते आणि अपवाद निघतात.

याच निमित्ताने मूळ प्रश्नाबाबत एक शक्यता लिहितो, जी अजून कोणी मांडलेली नाही. बॉल पायथॉनमध्ये अल्बिनो एकाच प्रकारचा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून डीएनए काढून तपासला गेला. त्यात साध्या अल्बिनोमध्ये टायरोसिनेजचे जनुक बिघडलेले आढळले, तर 'लॅव्हेंडर अल्बिनो'मध्ये ओसीए२ हे दुसरेच जनुक. आता समजा, त्या मुलाचा नर साध्या अल्बिनोसाठी हेट आहे आणि मादी लॅव्हेंडरसाठी. विक्रेत्याने दोघांनाही 'हेट अल्बिनो' म्हटले असेल, तर ते पूर्णपणे खोटेही नाही. तरी या जोडीतून पिढ्यान्पिढ्या अंडी घेतली तरी एकही अल्बिनो निघणार नाही, कारण कोणत्याही पिल्लाला एकाच जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती मिळूच शकत नाहीत. मनवा यांनी सांगितलेल्या अमेल-अॅनेरीच्या पहिल्या पिढीत हेच घडते. केतकीताई, कागदावर नेमके काय लिहिले आहे ते पाहता येईल का?

केतकी_नौपाडा

आरोह, तुमच्या प्रश्नाचा फार उपयोग झाला. मुलाने खरेदीच्या वेळची चिठ्ठी शोधून काढली. दोन्ही साप साध्या अल्बिनोच्याच वंशातले आहेत, लॅव्हेंडरचा उल्लेख नाही. पण दोघांच्याही पुढे '६६ टक्के पॉसिबल हेट अल्बिनो' असे लिहिलेले आहे, आणि दोघे वेगवेगळ्या क्लचमधले आहेत. विक्रेत्याने तोंडी नुसते 'हेट' म्हटले होते. घरात सगळ्यांच्या लक्षात तेच राहिले.

प्रथमेश_कळवा

हे ६६ कुठून येते? हेट आणि हेट यांच्या जोडीतून अर्धी पिल्ले हेट होतात, मग ५० टक्के म्हणायला हवे ना?

मनवा_घोडबंदर

चारांपैकी सरासरी एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधे. अल्बिनो पिल्लू डोळ्यांना लगेच दिसते, ते वेगळे काढले की साधी दिसणारी तीन उरतात. त्या तिनांतली दोन हेट, म्हणून दोन तृतीयांश, म्हणजे ६६ टक्के. हेट आणि पूर्ण साध्या सापाची जोडी असेल, तर पिल्लांना ५० टक्के पॉसिबल हेट म्हणतात. एक पालक अल्बिनोच असेल, तर प्रत्येक साधे पिल्लू शंभर टक्के हेट असते, कारण अल्बिनोकडे देण्यासारखी दुसरी प्रतच नसते.

कागदावरची ही टक्केवारी एका सापाच्या अंगात जनुक किती आहे हे सांगत नाही. एखाद्या सापात ते जनुक एक तर असते किंवा नसते. आपल्याला त्याच्या वंशाबद्दल किती माहिती आहे, तेवढेच हा आकडा सांगतो. म्हणूनच विकताना तोंडी 'पॉसिबल' गाळून टाकणे मला अतिशय आक्षेपार्ह वाटते. त्या एका शब्दात सापाची निम्मी किंमत आणि घेणाऱ्याच्या पुढच्या तीन-चार वर्षांचे नियोजन असते.

दिगंत_बेलापूर

चिठ्ठीमुळे गणित पूर्ण बदलले, ते नव्याने करतो.

दोघेही हेट असण्याची सुरुवातीची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे नवांत चार, ४४ टक्के. एकच हेट असण्याची शक्यताही नवांत चार. दोघेही पूर्ण साधे असण्याची नवांत एक. अंडी घालण्याआधीच या जोडीतून अल्बिनो निघू शकेल याची शक्यता निम्म्याहून कमी होती, हे त्या वडिलांना कोणी सांगितले नव्हते.

आता सहा साधी पिल्ले निघाली. दोघे हेट असते तर असे होण्याची शक्यता १८ टक्के; इतर दोन्ही परिस्थितींत शंभर टक्के. म्हणून पहिल्या परिस्थितीचे वजन ०.४४४ गुणिले ०.१७८, म्हणजे ०.०७९ एवढेच उरते, दुसरीचे ०.४४४ आणि तिसरीचे ०.१११ तसेच राहते. एकूण बेरीज ०.६३४. या बेरजेने भागले की दोघेही हेट असण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आठांत एक. नेमका एकच हेट असण्याची सुमारे ७० टक्के आणि दोघेही साधे असण्याची सुमारे साडेसतरा टक्के.

केतकीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. फसवणूक सिद्ध होत नाही, तरीही या जोडीकडून अल्बिनोची आशा आता बरीच कमी झाली आहे.

नेरूळकर_काका

हे मला समजले आणि आवडलेही. मुलाने हे आकडे वडिलांना स्वतः मांडून दाखवावेत, असे सुचवतो. मग पुन्हा याच जोडीची अंडी घ्यायची की थांबायचे, हे त्यांनी ठरवावे. माझे मत थांबावे असे आहे, कारण सहा साध्या पिल्लांनाच चांगली घरे मिळणे सोपे नाही.

पशुवैद्य_वाशी

काकांशी सहमत. शिवाय मादीला अंडी घातल्यानंतर वजन परत भरून यायला वेळ लागतो. दरवर्षी जोडी लावणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही.

मनवा_घोडबंदर

पुढे कधी जाणून घ्यायचेच असेल तर याच दोघांची जोडी पुन्हा लावण्यापेक्षा त्यांच्यापैकी एकाची जोडी नोंदणीकृत अल्बिनो सापाशी लावणे अधिक उपयोगी. संशयित साप हेट असेल तर प्रत्येक अंडे अल्बिनो असण्याची शक्यता पावऐवजी निम्मी होते. हेट असूनही सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता चौसष्टांत एक. एका क्लचमध्ये जवळपास निकाल लागतो आणि नकोशी पिल्लेही कमी होतात. परदेशात आता कातीच्या तुकड्यावरून जनुकीय तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तशी सोय इथे झाली तर अंडी घेण्याचीही गरज उरणार नाही.

केतकी_नौपाडा

सर्वांचे आभार. दिगंत यांचे गणित मुलाने स्वतः करून पाहिले आणि वडिलांना समजावले. यंदा आणि पुढच्या वर्षी जोडी लावायची नाही असे घरात ठरले आहे. आता फक्त दुसरा प्रश्न उरतो. दोन पिल्ले वडिलांच्या एका नोंदणीकृत स्नेह्यांकडे जाणार आहेत. त्यांच्यापुढे '६६ टक्के पॉसिबल हेट' लिहिणे बरोबर ठरेल का?

दिगंत_बेलापूर

नाही. ६६ हा आकडा दोन्ही पालक नक्की हेट असतील तेव्हाचा. इथे वरच्या तीन परिस्थिती त्यांच्या वजनासह घ्याव्या लागतात. दोघे हेट असतील तर पिल्लू हेट असण्याची शक्यता दोन तृतीयांश, एकच हेट असेल तर निम्मी, दोघे साधे असतील तर शून्य. ०.१२५ गुणिले ०.६६७ अधिक ०.७०० गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ०.४३. प्रामाणिकपणे लिहायचे तर '४३ टक्के', आणि त्यापुढे आईवडिलांचा तपशील: दोघेही ६६ टक्के पॉसिबल हेट, पहिल्या क्लचमध्ये सहाही साधी. घेणाऱ्याला आकड्यापेक्षा हा तपशील अधिक उपयोगी पडेल.

आरोह

आणि हा आकडा कायमचा नाही. उद्या या नराची जोडी अल्बिनो मादीशी लावली आणि एक जरी अल्बिनो निघाले, तर नर हेट असल्याचे सिद्ध होईल आणि या सहाही पिल्लांचा आकडा वर जाईल. दोन्ही पालक सिद्ध झाले तर ती खऱ्या अर्थाने ६६ टक्के पॉसिबल हेट होतील.

मनवा_घोडबंदर

त्यासाठी कोणते पिल्लू कोणाकडे गेले हे चार वर्षांनंतरही सांगता आले पाहिजे. प्रत्येक पिल्लाच्या दोन्ही बाजूंच्या डागांचे फोटो आताच काढून ठेवा. डागांची मांडणी प्रत्येक सापात वेगळी असते आणि ती मोठेपणीही ओळखता येते. परिवेशवरच्या नोंदीबरोबर ते फोटो आणि दिगंत यांनी सुचवलेली ओळ, दोन्ही नव्या मालकाला द्या.

केतकी_नौपाडा

फोटो आज संध्याकाळी काढतो आहोत. चिठ्ठीवर मुलगा स्वतःच्या अक्षरात '४३ टक्के' आणि त्याखाली आईवडिलांचा तपशील लिहिणार आहे.